जुनी रायफल विकायची आहे? कायदा बदलला की भाव कसा हलतो, ते आधी समजून घ्या

२०२० च्या दिवाळीत मामांनी मला वैरागला बोलावून घेतलं. वस्तीवरच्या खोलीत लोखंडी कपाट उघडून त्यांनी तीन शस्त्रं खाटेवर मांडली. आजोबांची दुनळी बारा बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचं माप), मामांनी १९८८ साली स्वतः घेतलेली ईशापूर कारखान्याची .३१५ बोअरची रायफल, आणि नंतर घेतलेलं .३२ चं रिव्हॉल्व्हर. तिन्हींचा परवाना एकाच पुस्तिकेत. नव्या कायद्याने त्यातलं एक सोडणं भाग होतं आणि मुदत १३ डिसेंबरला संपत होती. मामा म्हणाले, “यातलं कुठलं काढायचं ते तू सांग.” आम्ही रायफल काढली. मामांच्या मनात जी रक्कम होती, तिच्या निम्मीही हातात आली नाही.

त्या अनुभवानंतर मी हा विषय नीट समजून घेतला. सोलापूर, बार्शी, मोहोळ भागातल्या ओळखीच्या काही घरांना कागदपत्रांत मदतही केली. बहुतेक ठिकाणी एकच प्रसंग असतो: वडील किंवा आजोबा गेलेले असतात, कपाटात रायफल असते, आणि मुलांना ती घरात नको असते. तिची किंमत किती धरायची, हा प्रश्न मग सगळ्यांना पडतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

भाव कशाने हलतो

बंदुकीचे कायदे मुख्यतः दोन तऱ्हेने बदलतात. काही कायदे नवा माल येणं बंद करतात, पण आधीपासून असलेला माल बाळगायला आणि विकायला मुभा ठेवतात. असं झालं की जुन्या मालाचा भाव चढतो. दुसऱ्या तऱ्हेचे कायदे बाळगण्यावरच मर्यादा घालतात. असं झालं की विकणारे वाढतात, घेणारे घटतात आणि भाव कोसळतो. तुमच्या रायफलीवर यांतल्या कुठल्या कायद्याचा परिणाम झालाय, ते ओळखता आलं तर अर्धं काम झालं.

आपल्याकडे दोन्ही तऱ्हा घडून गेल्या आहेत. १९८० च्या दशकाच्या मध्यात खासगी व्यक्तींना परदेशी बंदुका आयात करणं बंद झालं. जो परदेशी माल देशात आधीच होता, तेवढाच फिरत राहिला. म्हणून एखादं जुनं वेब्ली अँड स्कॉट रिव्हॉल्व्हर किंवा वॉल्थर पिस्तूल नव्या देशी शस्त्रापेक्षा कितीतरी पट महाग विकलं जातं. ते चालवायला तितक्या पटीने चांगलं असतं म्हणून नव्हे, तर दुसरं येणार नाही म्हणून.

उलट उदाहरण २०१९ चं. १९८३ च्या दुरुस्तीपासून एका परवानाधारकाला तीन बंदुका बाळगता येत होत्या. २०१९ च्या विधेयकात सुरुवातीला ही संख्या एकावर आणायचं ठरलं होतं, विरोध झाल्यावर ती दोन झाली. १४ डिसेंबर २०१९ पासून कायदा लागू झाला. ज्यांच्याकडे तिसरी होती, त्यांना ती वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची होती, आणि त्यानंतरच्या ९० दिवसांत ती परवान्यातून निघणार होती. वारशाने आलेल्या बंदुकाही या दोनांतच मोजल्या गेल्या. मधले कितीतरी महिने टाळेबंदीत गेले. त्यामुळे जी विक्री वर्षभर पसरली असती, ती शेवटच्या दोन-तीन महिन्यांत एकदम बाजारात उतरली. आमची रायफल त्याच गर्दीत सापडली.

परदेशातही हेच दिसतं. अमेरिकेत १९ मे १९८६ नंतर बनलेल्या मशिनगन सामान्य नागरिकाला नोंदवता येईनाशा झाल्या. त्याआधी नोंदलेल्यांची खरेदी-विक्री मात्र चालू राहिली आणि त्यांचे भाव तेव्हापासून चढतेच आहेत. न्यूझीलंडने २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या हत्याकांडानंतर बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक बंदुका बाळगण्यावरच बंदी घातली. खुला बाजार संपला. मग सरकारने ठरवलेल्या मूळ किमतीच्या २५, ७० किंवा ९५ टक्के रक्कम, बंदुकीची अवस्था पाहून, मालकाला दिली. आपल्या २०१९ च्या दुरुस्तीत अशा भरपाईची सोय नव्हती. म्हणून आपल्याकडे वेळ ओळखून विकणं मालकालाच जमवावं लागतं.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. एका माणसाच्या परवान्यात आता दोनच जागा आहेत. तुमची रायफल घेणारा माणूस त्यातली एक जागा तिच्यासाठी खर्च करतो. तीन जागा होत्या तेव्हा रिव्हॉल्व्हर आणि दुनळी घेऊनही रायफलीला जागा उरायची. आता त्याला निवड करावी लागते, आणि माझ्या ओळखीतल्या जवळपास प्रत्येकाने छोटं हत्यार ठेवून लांब नळीचं काढलं. रायफलीचा भाव पडला तो तिच्यात काही बिघाड झाला म्हणून नाही, तर घेणाऱ्याकडे जागा उरली नाही म्हणून.

पहिली पायरी: नंबर तीन ठिकाणी जुळवा

भाव ठरवण्याआधी रायफल कपाटातून काढा, ती रिकामी असल्याची खात्री करा, आणि तिच्यावरचा नंबर भिंगाने वाचा. तो परवान्यात लिहिलेल्या नंबराशी जुळतो का? ऑनलाइन नोंदीत तोच आहे का? आणि बोल्टवर, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्यावर, वेगळा नंबर असेल तर तो बॉडीवरच्या नंबराशी जुळतो का?

मामांच्या बाबतीत इथेच गाडी अडली. रायफलीवर इंग्रजी आकड्यांत शेवटून दुसरा आकडा ३ होता. जुन्या पुस्तिकेत तो शाईने असा गोलसर काढलेला होता की नंतर संगणकात भरताना ८ झाला. तीस-बत्तीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण नूतनीकरणाच्या वेळी कुणी भिंग लावून पाहिलंच नव्हतं. विकायला काढल्यावर विक्रेत्याने नंबर पाहिला आणि हात आखडता घेतला. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात, खरेदीची मूळ पावती शोध, पंचनामा, अर्ज, पुन्हा अर्ज. या खेपांत जवळपास पाच आठवडे गेले आणि नेमके तेच आठवडे भाव घसरण्याचे होते.

खरेदीची मूळ पावती जपून ठेवलेली होती, म्हणून निभावलं. तुमच्याकडे ती असेल तर आजच तिची प्रत काढून ठेवा.

याच पायरीत यूआयएन, म्हणजे परवान्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, बघा. राष्ट्रीय डेटाबेसमध्ये नोंद होऊन प्रत्येक परवान्याला हा क्रमांक मिळालेला असायला हवा. तो नसेल तर परवानाच वैध धरला जात नाही, आणि वैध परवाना नसलेल्या माणसाच्या रायफलीला कुणी भाव देत नाही. परवान्याची मुदतही पाहा. ती पूर्वी तीन वर्षांची होती, २०१९ च्या दुरुस्तीने पाच वर्षांची झाली. मुदत संपत आली असेल तर आधी नूतनीकरणाचा अर्ज करा.

दुसरी पायरी: तुमची रायफल कुठल्या गटात बसते

.३०३ किंवा ७.६२ मिलिमीटर बोअर असेल, तर ती निषिद्ध बोअर आहे. तिला केंद्र सरकारचा परवाना लागतो आणि सामान्य खरेदीदार तिच्याकडे वळूच शकत नाही. काही घरांत आजोबांच्या काळातली .३०३ असते आणि मुलांना वाटतं, इंग्रजांच्या काळची चीज, मोठी किंमत येईल. तसं होत नाही. अशी रायफल सापडली तर विक्रीचा विचार बाजूला ठेवून आधी परवाना कुणाच्या नावावर आणि कसला आहे ते तपासा, आणि वकिलाला दाखवा.

.३१५ बोअर हा खरं तर याच नियमातून तयार झालेला प्रकार आहे. लष्करी बोअर नागरिकांना द्यायचा नाही म्हणून त्याच ली-एन्फिल्ड धाटणीची रायफल वेगळ्या काडतुसासाठी बनवली गेली. ईशापूरच्या कारखान्याने ती वर्षानुवर्षं बनवली, त्यामुळे सुटे भाग आणि काडतुसं देशातच मिळतात. आपल्या भागात विकायला निघणाऱ्या रायफली बहुतेक याच असतात. भाव मध्यम, पण गिऱ्हाईक सापडतं.

.२२ बोअरची गोष्ट वेगळी. मान्यताप्राप्त रायफल क्लबचे सदस्य निशाणेबाजीच्या सरावासाठी ती वापरतात, आणि दोनाच्या मर्यादेतून त्यांना सूट आहे. नामवंत नेमबाजांना तर त्याहून जास्त शस्त्रं ठेवता येतात. म्हणजे या गिऱ्हाइकाकडे जागेची अडचण नाही. त्यामुळे चांगल्या नळीची .२२ रायफल २०१९ च्या पडझडीत तुलनेने तग धरून राहिली. अशी रायफल असेल तर गावातल्या ओळखीपेक्षा नेमबाजीच्या वर्तुळात विचारा, पुण्यापर्यंत विचारा.

मोठ्या शिकारी बोअरच्या विलायती रायफली आपल्या जिल्ह्यात फारशा नाहीत, पण जुन्या इनामदार, संस्थानिकांच्या घरांत निघतात. अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार ज्यांनी पाहिलंय, त्यांना या भागात शस्त्रांचा शौक किती जुना आहे ते ठाऊक असेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि या रायफलींचा वापर संपला. वापरणारा गेला, संग्राहक उरला. संग्राहक कमी असतात, पण नामांकित कारखान्याची, मूळ पेटीसकट असलेली रायफल ते पारखून घेतात. शंभर वर्षांहून जुनी असेल तर पुरावस्तूंचा कायदाही लागू होतो आणि परदेशी विकायचा मार्ग बंद होतो. ती घाईने स्थानिक विक्रेत्याला देऊ नका.

एअर रायफल असेल तर एवढंच पाहा: ४.५ मिलिमीटरपर्यंतची आणि २० ज्यूलपर्यंत शक्तीची असेल तर परवाना लागत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनी त्यापुढची परवान्याखाली आणली, आणि त्या दिवसापासून एकाच कंपनीच्या दोन एअर गनचे भाव दोन दिशांना गेले.

तिसरी पायरी: नळी आणि लाकूड

कायद्यामुळे भाव जास्तीत जास्त कुठवर जाईल, ते पाहून झालं. आता तुमची रायफल त्या मर्यादेच्या किती जवळ पोहोचते, हे तिची अवस्था ठरवते.

बोल्ट काढा. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या, बाजूला पांढरा कागद धरा आणि नळीच्या तोंडातून आत पाहा. आट्या, म्हणजे नळीच्या आतल्या खाचा, स्वच्छ, चकचकीत, वळत गेलेल्या दिसल्या तर उत्तम. मामांच्या रायफलीत चेंबरच्या पुढे बोटभर अंतरावर काळे ठिपके होते, मोहरीच्या फोडणीत पडलेल्या डागांसारखे. त्याला कारण होतं. मामा रायफल तेल लावून फलालीच्या कापडात गुंडाळून, वर कॅनव्हासची पिशवी चढवून ठेवायचे. कापड पावसाळ्यात दमट होतं आणि तो ओलावा धरून बसतं. आत लोखंड हळूहळू गंजत राहतं, वरून काही दिसत नाही. रायफल उघडी, हलक्या तेलाच्या हाताने पुसून, कुलपाच्या कपाटात ठेवावी. पिशवी फक्त नेण्याआणण्यापुरती.

लाकडाचं उलटं आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीतलं लाकूड आकसतं. दस्त्याच्या मुठीजवळ, जिथे हात धरतो तिथे, केसासारखी चीर आहे का ते नखाने चाचपून बघा. चीर असेल तर विक्रेत्याला आधीच सांगा. लपवलेली चीर त्याला दोन मिनिटांत दिसते आणि मग तो बाकी सगळ्यावरही संशय घेतो.

एक कळकळीचं सांगणं: विकायच्या आधी रायफल पॉलिश करून चमकवू नका. जुना निळसर काळा थर घासला गेला की जाणकार गिऱ्हाईक किंमत कमी करतो. आणि दुरुस्ती फक्त परवाना असलेल्या शस्त्र कारागिराकडूनच करा.

चौथी पायरी: आकडा ठरवा

त्याच बोअरची नवी देशी रायफल आज किती रुपयांना मिळते, हे दोन परवानाधारक विक्रेत्यांकडून विचारून घ्या. देशात नवी मिळणाऱ्या रायफलीच्या बाबतीत हीच वरची मर्यादा. जुनी कितीही चांगली असली तरी यापुढे जाणार नाही.

हिशेब कसा करायचा ते दाखवतो. समजा नवीची किंमत १०० आहे. जुनी पण स्वच्छ नळीची, नंबर जुळणारी, कागद पूर्ण असलेली रायफल असेल तर ६० पासून बोलणी सुरू करता येतात. नळीत ठिपके असतील तर १५ वजा करा. दस्त्याला चीर असेल तर ५. विक्रेत्याकडे जमा ठेवली असेल तर दरमहा भाडं चालू असतं, ते सहा महिन्यांचं धरून वजा करा. जे उरेल त्यातून विक्रेता आपला नफा काढणार, म्हणून त्याचा देकार आणखी खाली येतो. हे माझे अंदाजाचे आकडे आहेत, तुमच्या दोन विक्रेत्यांच्या उत्तरांवरून ते बदलून घ्या. महत्त्वाचं हे की मनात एक आकडा धरून जाऊ नका, वजाबाकी कागदावर करून जा. मामांनी १९८८ ला काय दिलं होतं आणि तेव्हापासून सोनं किती वाढलं, यावरून किंमत धरली होती. सोन्याला परवाना लागत नाही.

थेट गिऱ्हाईक मिळालं तर विक्रेत्यापेक्षा जास्त मिळतं, हे खरं. पण मग वेळ आणि कागद तुम्हालाच सांभाळायचे असतात.

पाचवी पायरी: कधी विकायची

कुठल्याही मुदतीच्या शेवटच्या तिमाहीत विकू नका. कायद्यात बदलाची चर्चा सुरू होते तेव्हा, म्हणजे विधेयक मांडलं जातं तेव्हा, निर्णय घ्या. २०१९ च्या हिवाळी अधिवेशनात विधेयक आलं तेव्हाच पेपरात सगळं छापून आलं होतं. त्या डिसेंबरात किंवा २०२० च्या जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, आम्ही रायफल काढली असती तर टाळेबंदीही टळली असती आणि गर्दीही.

निवडणुकीचा हंगामही टाळा. आचारसंहिता लागली की अनेक परवानाधारकांना शस्त्रं जमा करायला सांगितलं जातं, शस्त्र शाखेवर कामाचा भार येतो आणि तुमचा अर्ज मागे पडतो. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद अशा तारखा डोळ्यापुढे ठेवून अर्ज करा.

सहावी पायरी: व्यवहार

शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे तुम्ही तुमच्या वापरातलं शस्त्र परवानाधारक व्यक्तीला विकू शकता. पण आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं, त्यात घेणाऱ्याचं नाव आणि पत्ता द्यावा लागतो, आणि कळवल्यापासून किमान ४५ दिवस उलटल्याशिवाय शस्त्र हातातून हातात जाऊ शकत नाही. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. ते ४५ दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.

सोलापूर शहरात राहत असाल तर परवान्याचं काम पोलीस आयुक्तालयात चालतं, तालुक्यांत राहत असाल तर जिल्हाधिकारी कार्यालयात. विकणारा शहरातला आणि घेणारा माढ्याचा असेल, तर दोन्हीकडे नोंद लागते. घेणारा विजयपूर किंवा कलबुर्गीचा असेल तर राज्य बदलतं. त्याच्या परवान्याचं क्षेत्र आणि शस्त्र नेण्याची परवानगी, दोन्ही आधी स्पष्ट करून घ्या.

घेणाऱ्याचा परवाना स्वतः डोळ्यांनी पाहा. त्यावर तुमचाच बोअर मंजूर आहे का? खरेदीची मुदत शिल्लक आहे का? दोनांतली एक जागा मोकळी आहे का? “दोन दिवस वस्तीवर नेऊन चालवून बघतो” असं कुणी म्हणालं, सख्खा भाऊबंद असला तरी, नाही म्हणा. विनापरवाना शस्त्र बाळगल्याची शिक्षा २०१९ पासून किमान दोन वर्षं, कमाल पाच वर्षं आहे, आणि देणाराही सुटत नाही.

पैसे बँकेतून घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेताच येत नाही. पावतीवर रायफलीचा नंबर, बोअर, दोघांचे परवाना क्रमांक आणि यूआयएन लिहा. काडतुसं उरली असतील तर त्यांची संख्या वेगळी लिहा. आणि शेवटी तुमच्या परवान्यातून ते शस्त्र कमी झाल्याची नोंद करून घ्या. ती नोंद राहिली तर कागदावर रायफल अजून तुमच्याच घरात आहे.

परवानाधारक वारले असतील तर

इथे वेळ दवडू नका. मालकाचा मृत्यू झाला की घरातल्या कुणालाही ते शस्त्र ठेवण्याचा आपोआप अधिकार मिळत नाही. ते ताबडतोब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी लागते. त्यानंतर वारसाला स्वतःचा परवाना मागता येतो, किंवा वारस म्हणून ते विकता येतं. ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ते सरकारजमा होऊ शकतं. मग शंभर टक्के किंमत गेली.

वडील हयात असतील तर आणखी चांगला मार्ग आहे. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याने ते शस्त्र २५ वर्षं बाळगलं, यांतलं जे आधी होईल तेव्हा, तो आपल्या पसंतीच्या वारसाच्या नावावर परवाना मागू शकतो. बाकीच्या वारसांची ना हरकत लागते. भावंडं एकत्र असताना, सगळ्यांच्या सह्या एका बैठकीत मिळत असताना हे करून घ्यावं.

मामा आता ७४ वर्षांचे आहेत. आजोबांची दुनळी थोरल्या मुलाच्या नावावर करायचा अर्ज त्यांनी गेल्या महिन्यात दिला. अर्जाला जोडायच्या प्रतीवर नंबर लिहिताना त्यांनी मला फोन केला, आणि एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवला. मी इकडे ऑनलाइन नोंद उघडून बसलो होतो. सगळे आकडे जुळले.